दुकानाचे दार आणि कमरेचे पिस्तूल

मुळा आणि पवना या दोन नद्या जेथे मिळतात तेथे दापोडी हे गाव वसले आहे, आणि हॅरिस पूल ओलांडून पलीकडे गेले की खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना लागतो. १८६९ साली स्थापन झालेला हा कारखाना आजही चालू आहे. तेथे बंदुकीच्या गोळ्या तयार होतात. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्या कारखान्याच्या दारात आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या माणसाची झडती होते. काडेपेटीसारखी क्षुल्लक वस्तूही आत नेऊ देत नाहीत. झडती घेतली म्हणून तेथील कामगारास आपला अपमान झाला असे वाटत नाही, आणि अधिकाऱ्यासही आपला दर्जा उणावला असे वाटत नाही. जेथे शस्त्राचे स्वरूप खरोखर ठाऊक आहे तेथे शस्त्राविषयीचा नियम कडक असावा, यात आश्चर्य ते काय?

आता पुलाच्या अलीकडे येऊन पाहावे. जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने दापोडीपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत, आणि तेथून पुढे भोसरी व चाकणच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत उपाहारगृहे, मंगल कार्यालये, सराफी पेढ्या, जमिनीच्या व्यवहारांची कार्यालये आणि लहानमोठे कारखाने यांची रांग लागलेली आहे. यांपैकी कोणत्याही दारातून कमरेला पिस्तूल लावलेला इसम आत शिरला, तर त्यास काय सांगावयाचे, याचा निश्चित नियम किती ठिकाणी आहे? दारावर ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी आढळेल; ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’ अशी पाटी तर हटकून आढळेल; परंतु ‘अग्निशस्त्र आत आणू नये’ अशी पाटी शोधूनही सापडणे कठीण. ज्या व्यापाऱ्यास बाहेरचा वडापाव आपल्या आवारात चालत नाही, त्यास बाहेरचे पिस्तूल चालते, असा याचा अर्थ होतो काय? तसे खचित नाही. त्यास ते चालत नाही. पण चालत नाही असे म्हणण्याचा आपणास अधिकार आहे की नाही याविषयी तो साशंक असतो, आणि अधिकार असला तरी तो बजावण्याचे त्यास भय वाटते. या दोन्ही गोष्टींचा आज विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भय निराधार आहे असे कोणी म्हणू नये. दिल्लीच्या मेहरौली भागातील एका उपाहारगृहात १९९९ च्या एप्रिलअखेरीस रात्री मद्य देण्यास नकार मिळाला, एवढ्याच कारणावरून एका धनिकपुत्राने जेसिका लाल या तरुणीस गोळी घालून ठार केले. खालच्या न्यायालयात आरोपी २००६ च्या फेब्रुवारीत सुटले. लोकांत क्षोभ उसळला. त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीस दोषी ठरविले, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. न्याय मिळाला, पण दारात पिस्तुलास अटकाव झाला असता तर न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंगच आला नसता. आपल्या महाराष्ट्रात २०२४ च्या फेब्रुवारीत एका आठवड्याच्या आत दोन प्रकार घडले. उल्हासनगरात खुद्द पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात, एका आमदाराने दुसऱ्या पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप झाला. आणि मुंबईच्या बोरिवली–दहिसर भागात एका कार्यालयात बोलावून नेलेल्या माजी नगरसेवकाचा गोळ्या घालून खून झाला. दुसऱ्या प्रकरणात वापरले गेलेले पिस्तूल मारेकऱ्याचे नव्हते, त्याच्या खासगी अंगरक्षकाचे होते, असे पोलिसांनी सांगितले. आपल्या पुणे जिल्ह्यात २०२५ च्या जुलैत दौंड तालुक्यातील एका कलाकेंद्रात गोळी झाडली गेल्याच्या प्रकरणी गुन्हा दाखल होऊन अटका झाल्या. उपाहारगृह, कार्यालय, करमणुकीचे ठिकाण ही सर्व व्यवसायाची स्थळे आहेत. त्यांस मालक आहे, दार आहे, दाराशी नोकर आहे. प्रश्न एवढाच की, त्या दाराशी नियम होता काय?

येथे एक आक्षेप आम्हांस आताच ऐकू येत आहे. ‘ज्यास गुन्हा करावयाचा तो पाटी वाचून परत जाणार आहे काय? मध्य प्रदेशातून चोरून येणारा गावठी कट्टा बाळगणारा इसम दरवानास विचारून आत येत नाही.’ हे म्हणणे खरे आहे. परंतु ते अर्धेच खरे आहे. विनापरवाना कट्टा बाळगणारा जेथे जाईल तेथे गुन्हेगारच असतो. त्यास पकडण्यास पोलिसांस आपल्या पाटीची गरज नाही. आमचा प्रश्न त्याच्याविषयी नाही. आमचा प्रश्न आहे तो परवानाधारक, प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या गृहस्थाविषयी. जमिनींचे भाव वाढले, हाती पैसा आला, आणि पिस्तुलाचा परवाना हा आत्मरक्षणाच्या साधनाऐवजी प्रतिष्ठेचा दागिना झाला. हा गृहस्थ गोळी झाडण्याच्या हेतूने येत नाही; तो जेवावयास येतो, सौदा ठरवावयास येतो, लग्नास येतो. पण टेबलावर पिस्तूल ठेवून केलेला सौदा हा सौदा राहत नाही, आणि कमरेला पिस्तूल लावून मागितलेले कंत्राट हे कंत्राट राहत नाही. चाकणच्या पट्ट्यात मालाची चढउतार, भंगार आणि मनुष्यबळ यांची कंत्राटे मिळविण्यासाठी कारखानदारांवर जी दमदाटी होते ती सरकारनेही वेळोवेळी जाहीरपणे मान्य केलेली आहे. अशा ठिकाणी शस्त्र चालवावे लागतच नाही. ते दिसले की पुरते. म्हणूनच गोळीबार झाल्यावर काय करावे यापेक्षा शस्त्र आत येताना काय करावे हा प्रश्न व्यापाऱ्यास अधिक निकडीचा आहे.

प्रथम कायद्याकडे वळू. शस्त्रांचा परवाना आज १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आणि २०१६ च्या शस्त्र नियमांखाली मिळतो. पुष्कळ लोकांची, आणि खुद्द परवानाधारकांची, अशी समजूत असते की, एकदा परवाना मिळाला म्हणजे ते शस्त्र घेऊन कोठेही जाण्याचा हक्क मिळाला. ही समजूत साफ चुकीची आहे. परवान्याच्या नमुन्यातच अट घातलेली असते की, जिल्हा दंडाधिकाऱ्याची खास परवानगी असल्यावाचून धारकाने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, अन्य सार्वजनिक मेळाव्यात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता कामा नये. परवान्याच्या अटीचा भंग हा कलम ३० प्रमाणे शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदानकेंद्राजवळ शस्त्र घेऊन जाण्यास मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, एका माणसास पूर्वी तीन अग्निशस्त्रे बाळगता येत होती ती संख्या दोनवर आणली. आणि लग्नकार्यात, धर्मस्थळी अथवा मेळाव्यात हौसेखातर गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. तेव्हा शाळा, जत्रा, मिरवणूक, मतदान आणि वरात यांचा विचार कायद्याने केलेला आहे. मात्र उपाहारगृह, दुकान, कारखाना यांविषयी परवान्याचा नमुना मौन धारण करतो. हे मौन म्हणजे संमती असे परवानाधारक समजतो, आणि दुर्दैवाने व्यापारीही तसेच समजतो.

वस्तुतः या मौनाचा अर्थ निराळा आहे. सरकारने दिलेला परवाना हा सरकार आणि धारक यांच्यामधला आहे. ‘तू हे शस्त्र बाळगलेस म्हणून आम्ही तुला शिक्षा करणार नाही,’ एवढेच तो सांगतो. ‘तू हे शस्त्र घेऊन अमक्याच्या घरात शिरावेस, आणि घरमालकाने निमूट राहावे,’ असे तो कोठेही सांगत नाही. मोटार चालविण्याचा परवाना असलेल्या माणसास दुसऱ्याच्या अंगणात मोटार उभी करण्याचा हक्क मिळत नाही, ही गोष्ट जितकी उघड तितकीच हीही उघड आहे. दुकानात किंवा कारखान्यात येणाऱ्यास मालकाने जी अनुज्ञा दिलेली असते तिचा विचार १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात केलेला आहे. आणि सामान्यतः अशी अनुज्ञा मालकास मागे घेता येते, मात्र बाहेर पडण्यास वाजवी अवधी द्यावा लागतो. अनुज्ञा देतानाच तिला अट घालता येते. ‘शस्त्राविना या’ ही तशीच एक अट होय. अट झुगारून, आणि बाहेर जाण्यास सांगितल्यावरही, धाक दाखविण्याच्या, अपमानाच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने कोणी आत ठाण मांडून बसला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मधील आगळिकीच्या कक्षेत येऊ शकतो.

येथे ‘मालकाच्या दारावर मालकाचा हक्क’ हे तत्त्व ऐकून काही वाचक दचकतील, आणि ते दचकणे योग्यच आहे. याच तत्त्वाच्या आधाराने एके काळी आपल्या खानावळींनी आणि दुकानांनी कोट्यवधी देशबांधवांस जातीच्या कारणावरून दाराबाहेर ठेवले होते. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीची स्थळे यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करण्यास बंदी केली आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, ती याच अन्यायाचा निकाल लावण्यासाठी. तेव्हा मालकाचा हक्क निरंकुश नाही, आणि असूही नये. परंतु जात मनुष्यास जन्माने चिकटलेली असते, पिस्तूल त्याने सकाळी कमरेस लावलेले असते. पिस्तूल घरी ठेवून तोच मनुष्य त्याच दाराने सन्मानाने आत येऊ शकतो. ज्या दाराने माणसाची जात पाहू नये, त्या दाराने माणसाच्या कमरेचे शस्त्र अवश्य पाहावे. मात्र नियम सर्वांस सारखा असला पाहिजे. मालकाच्या मेहुण्यास मोकळीक, पुढाऱ्यास मोकळीक आणि अनोळखी गिऱ्हाइकास मनाई, असा प्रकार झाला तर तो नियम नव्हे, अपमान होय. शीख बांधवांचे कृपाण हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग असल्याचे अनुच्छेद २५ मध्येच नमूद आहे. तेव्हा पाटीवर ‘अग्निशस्त्र’ हाच शब्द असावा, ‘शस्त्र’ असा मोघम शब्द नसावा.

अमेरिकेत हा प्रश्न फार पुढे गेलेला आहे, आणि तेथील अनुभवापासून आपणास काही घेण्यासारखे व काही टाळण्यासारखे आहे. तेथे शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क मानला जातो, आणि निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्यावाचूनही सज्ञान नागरिक पिस्तूल घेऊन हिंडू शकतो. तरीदेखील खासगी आवाराचा मालक त्यास मनाई करू शकतो. टेक्सास राज्यात अशी मनाई करणाऱ्या पाटीचा मजकूर कायद्याने ठरवून दिलेला आहे. तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत असावा, अक्षरे निदान एक इंच उंचीची असावीत, रंग पार्श्वभूमीहून वेगळा उठून दिसावा, इतका बारकावा त्यात आहे. पाटी नसेल तर शस्त्र नेण्यास मोकळीक. हवाई राज्याने २०२३ मध्ये याच्या नेमका उलट नियम केला : मालकाने स्पष्ट अनुमती दिली असेल तरच शस्त्र आत न्यावे, मौन म्हणजे नकार समजावा. त्यावरील वाद थेट त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोकराने आपले शस्त्र मोटारीत कुलूपबंद ठेवले असता मालकाने त्यास हरकत घेऊ नये, असेही कायदे फ्लॉरिडा आणि टेक्सास यांनी केले आहेत. २०१३ मध्ये एका जगद्विख्यात कॉफीगृहांच्या कंपनीने मनाई न करता केवळ विनंती केली की, गिऱ्हाइकांनी आमच्या दुकानांत शस्त्रे आणू नयेत. बंदी केल्यास ती अमलात आणण्याचे काम दुकानातील पोरापोरींवर पडेल, ही भीती तिच्या प्रमुखांनी बोलून दाखविली. या सर्वांतून घ्यावयाचा बोध असा की, ज्या देशात शस्त्र हा हक्क आहे तेथेही दुकानाचे दार मालकाचे राहिले आहे. आपल्याकडे तर तो हक्क नाहीच. तो परवाना आहे.

हक्क नाही, या वाक्यावर थोडे थांबले पाहिजे. कारण आपल्या लोकांच्या मनात शस्त्राविषयी जो अभिमान आहे त्याचे मूळ इतिहासात आहे. १८७८ चा लिटनशाही शस्त्र कायदा हा या देशाचा अपमान होता. युरोपियनास मोकळीक आणि हिंदी मनुष्यास मनाई, असा भेद त्यात होता, आणि त्याविरुद्ध आपल्या पूर्वजांनी दोन पिढ्या तक्रार केली. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आला तो त्याच तक्रारीतून. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. ती सभेने स्वीकारली नाही. उलट, अनुच्छेद १९ मध्ये नागरिकांस एकत्र जमण्याचा हक्क दिला, तो ‘शांततेने व विनाशस्त्र’ या शब्दांत. ज्यांनी पारतंत्र्यात शस्त्रबंदीचा धिक्कार केला त्याच पिढीने स्वातंत्र्यात हा शब्द निवडला, यात विसंगती नाही. परकी सत्तेने निःशस्त्र करणे ही मानहानी असते. परंतु समान नागरिकांनी एकमेकांसमोर निःशस्त्र बसणे ही सभ्यता असते. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईस दापोडीहून फोर्डची पलटण निघाली होती. शस्त्रे या मातीस नवी नव्हेत. पण रणांगणावरचे शौर्य आणि उपाहारगृहातील मिरवणूक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे सांगण्यास इतिहासपंडिताची गरज नाही.

आता व्यापाऱ्याने प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट पाटी. ती दाराबाहेर, आत शिरण्यापूर्वी वाचता येईल अशी, मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषांत असावी. कारण चाकण–भोसरीच्या पट्ट्यात देशाच्या सर्व प्रांतांचे लोक येतात. मजकूर साधा असावा : ‘या आवारात अग्निशस्त्र घेऊन येण्यास मालकाची परवानगी नाही. परवाना असला तरी हा नियम लागू आहे. कामावर असलेले पोलीस व सैनिक यांस अपवाद. शस्त्र ठेवून घेण्याची सोय येथे नाही.’ मंगल कार्यालयाने हीच अट भाड्याच्या करारपत्रात घालावी, म्हणजे वरपक्ष व वधूपक्ष यांचे यजमान त्यास बांधले जातील. आणि कारखानदाराने ती ठेकेदारांच्या करारांत घालावी.

दुसरी गोष्ट, आणि ही अत्यंत महत्त्वाची : गिऱ्हाइकाचे शस्त्र आपल्या ताब्यात कधीही घेऊ नये. ‘साहेब, पिस्तूल गल्ल्याजवळ ठेवा, जाताना घेऊन जा,’ असे सौजन्याने म्हणणारा दुकानदार स्वतःच अडचणीत येतो. शस्त्र कायद्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी अथवा धारकाच्याच वापरासाठी, त्याच्या समक्ष वा त्याच्या लेखी अधिकाराने ते नेण्यापुरतीच सवलत कायद्याने ठेवली आहे. दुकानदाराच्या कपाटाचा तीत समावेश नाही. म्हणून दारातील नोकराने एवढेच म्हणावे की, ‘ते घरी ठेवून यावे, आम्ही आपली वाट पाहू.’ शस्त्र कुलुपात सुरक्षित ठेवण्याची हमी धारकाने परवाना घेतानाच दिलेली असते; ती पाळणे हे त्याचे काम, दुकानदाराचे नव्हे.

तिसरी गोष्ट झडतीची. खासगी दरवान हा पोलीस नव्हे. बळजबरीने अंगझडती घेण्याचा अधिकार त्यास नाही. झडती संमतीने घ्यावी, स्त्रियांची झडती स्त्रीनेच घ्यावी, आणि संमती नसेल तर प्रवेश नाकारावा, झोंबाझोंबी करू नये. दापोडीच्या मेट्रो स्थानकात रोज हजारो लोक आपली पिशवी यंत्रातून जाऊ देतात आणि कोणाचीही अब्रू जात नाही. तेव्हा मोठ्या उपाहारगृहाने व कारखान्याने धातुशोधक यंत्र ठेवल्यास गिऱ्हाइके रुष्ट होतील, ही भीती व्यर्थ आहे.

चौथी गोष्ट, कोणी ऐकेनासा झाला तर वाद न घालता ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे, आणि चित्रण सुरक्षित ठेवावे. शस्त्र दाखवून धमकावल्याचा प्रकार घडल्यास लेखी तक्रार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडेही पाठवावी. कारण सार्वजनिक शांतता व सुरक्षितता यांसाठी, अथवा अटींचा भंग झाल्यास, परवाना स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ ने त्यास दिलेला आहे. पुष्कळ परवानाधारक तुरुंगास भीत नाहीत, पण परवाना जाण्यास भितात, हे व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पाचवी गोष्ट आपल्याच घरातली. कारखानदाराने आपल्या नोकरांविषयीचा नियम स्थायी आदेशांत लिहून ठेवावा. १९४६ च्या कायद्याने सुरू झालेली ही स्थायी आदेशांची पद्धत २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने, तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी, पुढे चालविली आहे. लहान कारखान्यांनी हाच नियम नेमणूकपत्रात घालावा. आपण ठेवलेल्या बंदूकधारी रक्षकाचा परवाना खरा आहे की नाही, तो कोणत्या प्रदेशापुरता आहे, याची खात्री पोलिसांकडून करून घ्यावी. बनावट परवान्यावर रक्षकाची नोकरी करणारे लोक आपल्या राज्यात पकडले गेलेले आहेत. आणि शेवटी, स्वतः मालकाने आपले पिस्तूल घरी ठेवावे. जो मालक स्वतः कमरेस पिस्तूल लावून गल्ल्यावर बसतो, त्याच्या पाटीस कोणी किंमत देणार नाही.

इतके करूनही एक उणीव राहतेच, आणि ती दूर करणे व्यापाऱ्याच्या हाती नाही. पाटी न जुमानणाऱ्यास बाहेर काढावयाचे कोणी? बारा तासांची पाळी करणाऱ्या, हाती काठी असलेल्या दरवानाने? सर्व भार त्या गरिबाच्या शिरावर टाकून आपण सुरक्षित झालो असे मानणे हे आम्हांस लज्जास्पद वाटते. पाटीच्या मागे सरकारचे बळ उभे राहिले पाहिजे. यासाठी नवा कायदा करण्याचीही तातडीने गरज नाही. कलम १७ प्रमाणे, नियमांनी ठरवून दिलेल्या अटी सोडून परवान्याच्या इतर अटींत फेरबदल करण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्यास आहे. पिंपरी-चिंचवडसाठी १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत हा अधिकार आयुक्तांकडे असतो. त्यांनी आपल्या हद्दीतील प्रत्येक परवान्यात एवढेच वाक्य जोडावे : ‘ज्या व्यवसायस्थळी मालकाने मनाईची पाटी लावली आहे तेथे धारकाने शस्त्र नेऊ नये.’ हे एक वाक्य जोडले की पाटीचा भंग हा परवान्याच्या अटीचा भंग ठरेल, आणि दरवानाच्या शब्दामागे कलम ३० उभे राहील. उपाहारगृहे व करमणुकीची स्थळे यांच्यापुरते नियम करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३३ नेही आयुक्तांस दिलेला आहे. याच कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी निघणारे मनाई हुकूम पंधरा दिवसांचे असतात, आणि अधिक काळासाठी राज्य सरकारची मंजुरी लागते. तेव्हा त्यांवर कायमची भिस्त ठेवता येत नाही. पुढे केंद्र सरकारने परवान्याच्या नमुन्यातच शिक्षणसंस्थेच्या जोडीस हे वाक्य घातले, तर देशभर एकच नियम होईल.

कोणी म्हणेल की, ज्याच्या जिवास खरोखर धोका आहे त्याने काय करावे? त्यास जेवणाच्या टेबलाशीही शत्रू गाठील. हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर टाळणे बरे नव्हे. अशा माणसाच्या बाबतीत मालकाने आगाऊ लेखी अनुमती देण्यास आमची हरकत नाही. नियमाचा अर्थ मालकाची संमती हवी एवढाच आहे. पण ज्यास खरा धोका आहे असे लोक थोडे, आणि ज्यांस धोक्याची ऐट मिरवावयाची आहे असे पुष्कळ, ही गोष्ट परवाने देणारे अधिकारीही खासगीत कबूल करतील. थोड्यांच्या गरजेची ढाल करून पुष्कळांच्या ऐटीस वाव देणे हे शहाणपणाचे नव्हे.

अखेरीस आमच्या व्यापारी बंधूंस एकच विनंती आहे. एकट्या दुकानदाराने पाटी लावली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, आणि जो अडून बसेल त्यास एकट्यानेच तोंड द्यावे लागेल. संपूर्ण रस्त्याने एका दिवशी पाटी लावली तर कोणास कोठे जाण्याचे उरणार नाही. दापोडीच्या पुलापासून प्रारंभ करावा. उपाहारगृहांचे, सराफांचे व मंगल कार्यालयांचे चालक आणि लहान कारखानदार यांनी एकत्र बसून एक मजकूर ठरवावा, त्याखाली सह्या कराव्यात, आणि ती प्रत आयुक्तांकडे नेऊन वर सांगितलेले एक वाक्य परवान्यात जोडण्याची मागणी करावी. खर्च पाटीपुरता आहे. नदीच्या पलीकडे दारूगोळ्याच्या कारखान्याच्या दारात जो नियम दीडशे वर्षांहून अधिक काळ सर्वमान्य आहे, तो नदीच्या अलीकडे एका खानावळीच्या दारात लागू करण्यास आणखी किती काळ जावा, हे आता व्यापाऱ्यांनीच ठरवावयाचे आहे.